कुलूप एक, किल्ली कोणाकडे?

आमच्या सांगलीच्या अडत दुकानात वडिलांच्या काळी खतावण्या तिजोरीत असत. आज त्या खतावण्या, शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे तपशील, आधार कार्डांच्या प्रती आणि घराच्या वाटणीचा मसुदाही एकाच संगणकात सामावला आहे. तिजोरी कोणी दुकानाबाहेर नेत नसे. संगणक मात्र बिघडला की आपणच तो दुरुस्तीसाठी परक्याच्या हाती सोपवितो. विंडोज सुरू करतानाचा पासवर्ड तेथे फारसा कामी येत नाही. हार्डडिस्क सांकेतिक केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडताच आतील सर्व उघडे पडते.

म्हणून गेल्या दिवाळीत, वहीपूजनाच्या दिवशी, आम्ही व्हेराक्रिप्ट हा विनामूल्य प्रोग्रॅम घेतला. ट्रूक्रिप्ट या जुन्या प्रोग्रॅमच्या पायावर तो उभा आहे. ट्रूक्रिप्टचे काम त्याच्या कर्त्यांनी २०१४ साली थांबविले. व्हेराक्रिप्ट डिस्कवर एक मोठी फाइल तयार करतो. बाहेरून पाहता तिच्यात अर्थहीन आकड्या-अक्षरांचा ढीग असतो. पासवर्ड दिला की तीच फाइल एखाद्या नव्या ड्राइव्हसारखी दिसू लागते. तिच्यात ठेवलेला प्रत्येक कागद डिस्कवर लिहिला जातानाच सांकेतिक होतो. ड्राइव्ह बंद केला की गाठोडे पुन्हा बांधलेले. तो उघडा असेपर्यंत मात्र कुलूपही उघडेच, हे दुकानातील मुलांना वारंवार सांगावे लागते.

याच प्रोग्रॅममध्ये गुप्त कप्प्याच्या आत आणखी एक गुप्त कप्पा करण्याची सोय आहे. तेथे ‘दुसरी वही’ ठेवावी, असे एका नातलगाने हसत सुचविले. मला हसू आले नाही. शेतकऱ्याचा खाते क्रमांक जपणे वेगळे, स्वतःचा हिशेब दडविणे वेगळे. आयकर खात्याच्या झडतीत संगणकातील हिशेब पाहू देणे कायद्याने बंधनकारक आहे.

खरी अडचण पुढे आली. तिजोरीची किल्ली हरवली तर कारागीर बोलावता येतो. येथे पासवर्ड गेला की सर्व गेले. प्रोग्रॅमच्या कर्त्यांनाही तो काढून देता येत नाही. मग तो कोणाकोणास ठाऊक असावा? दादा म्हणाले, “आपण दोघे भाऊ पुरे.” त्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, “हळदीच्या खरेदीला वसमतला तुम्ही दोघे एकाच गाडीतून जाता.” क्षणभर कोणी बोलले नाही. वाटणीचा मसुदा त्याच फाइलीत असल्यामुळे प्रश्न केवळ कुलपाचा नव्हता.

अखेर पाच असंबद्ध शब्दांचा तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून, आई व वहिनी यांच्या नावे असलेल्या बँक लॉकरमध्ये ठेवला. फाइलीची एक प्रत परगावी बहिणीकडे दिली; २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या बाजारपेठेत शिरलेले कृष्णेचे पाणी आम्ही विसरलेलो नाही.

पाकीट उपयोगी पडते की नाही, हे पाहण्यासाठी गेल्या महिन्यात वहिनींनी ते आणून स्वतः फाइल उघडली. मसुदा वाचला, त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. शेतकऱ्यांच्या यादीत दोघांचे खाते क्रमांक जुने आहेत, एवढे मात्र त्यांनी दादांना सांगितले.