कपाटाची किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, लोणावळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चिक्कीची दुकानं, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून धावणारं पाणी, भाजलेली कणसं आणि नखशिखांत भिजलेली मुलं. परतताना पिशवीत शेंगदाण्याची चिक्की हवीच. नाहीतर शेजारीण विचारते, ‘काय हो, लोणावळ्याला गेला होतात ना?’ माझीही पिशवी कधी रिकामी आली नाही. पण या खेपेला मी मावळात गेले ते जरा वेगळं काही पाहायला. तिथल्या शाळांतून मुलांच्या हाती पुस्तकं कशी पोचतात, आणि पोचत नसतील तर वाटेत कुठे अडतात, हे मला बघायचं होतं. मी अर्धवेळ शिकवते म्हणून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो, पण घरात शाळेत जाणारं मूल आहे अशा प्रत्येकीचा तो आहे.

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्टेशनं एकेक करून मागे पडतात. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरं तुडुंब भरलेली, इंद्रायणी फुगलेली, आणि मळवली जवळ येता येता डाव्या हाताला विसापूर नि लोहगड ढगांत डोकं खुपसून बसलेले. गाडीतून पाहिलं तर मावळ सगळा एकच वाटतो. प्रत्यक्षात त्याची खोरी वेगवेगळी आहेत. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. रेल्वे आणि महामार्ग तालुक्याच्या मधून जातात खरे, पण खोऱ्यांच्या पोटातल्या वाड्यावस्त्या या धावपळीपासून लांबच राहतात. तिथल्या मुलांना पाटी-दप्तर मिळतं, पण गोष्टीचं पुस्तक सहजासहजी मिळत नाही.

पण म्हणून मावळाला वाचनाचं वावडं आहे असं मात्र समजू नका हं! तळेगाव दाभाडे तर या बाबतीत मोठ्या घराण्यातलं. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली काढलेलं समर्थ विद्यालय पुढे तळेगावात आलं. राष्ट्रीय शिक्षण देणारी ही शाळा इंग्रज सरकारच्या डोळ्यांत इतकी खुपली की १९१० साली सरकारनं ती बंद करून टाकली. विजापूरकर हे ‘ग्रंथमाला’ नावाचं मासिक चालवणारे, मराठीतूनच ज्ञान मिळालं पाहिजे असा ध्यास घेतलेले गृहस्थ. मुलं शाळेत काय शिकतात, काय वाचतात याची राज्यकर्त्यांना धास्ती वाटावी, यातच सगळं आलं, नाही का?

याच तळेगावात गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) राहिले. स्वातंत्र्याच्या चळवळीपायी शाळा अर्ध्यावर सोडलेला हा मुलगा पुढे मराठीतला केवढा मोठा लेखक झाला! त्यांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी राजमाचीवर घडते आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ पवन मावळात. लोणावळ्याहून राजमाचीकडे पाठीवर पिशव्या टाकून निघालेली शहरी पोरं दर रविवारी दिसतात. पण त्याच डोंगराखाली वाढणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल की आपल्या माचीवर एक अख्खी कादंबरी लिहिलेली आहे? मला विचाराल तर मावळातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या पहिल्या फळीवर ही दोन पुस्तकं हवीत. आपल्या नदीचं, आपल्या डोंगराचं नाव छापलेलं दिसलं की मुलांचे डोळे कसे लकाकतात, ते शिकवणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

कार्ल्याला तुम्ही एकवीरेच्या दर्शनाला जाताच. पुढच्या वेळी शेजारच्या लेण्यात जरा थांबा. दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरं तिथल्या खांबांवर, भिंतींवर कोरलेली आहेत. त्यात दान देणाऱ्यांची नावं आहेत. व्यापारी आहेत, सुतार आहे, भिक्षुणी आहेत. मुलांना घेऊन जाल तेव्हा ब्राह्मी अक्षरांचा तक्ता बरोबर न्या आणि एकेकाला आपलं नाव त्या लिपीत लिहायला सांगा. ‘आई, दगडावरचं हे ‘म’ मला ओळखलं!’ असं मूल ओरडलं की समजा, दहा धड्यांचं काम झालं. चांगला ग्रंथपाल तरी याहून वेगळं काय करतो? मुलाच्या समोर असलेली गोष्ट त्याला वाचायला लावतो.

आता शाळांकडे येते. एका मोठ्या गावातल्या शाळेत मला पुस्तकांचं कपाट दाखवलं. काचेचं, लख्ख पुसलेलं, आत पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. आणि बाहेर हे एवढं कुलूप! ‘किल्ली कुणाकडे असते?’ असं विचारलं, तर तिघांची नावं पुढे आली आणि तिघंही त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले. मला हसू आलं. पण रागावणार तरी कुणावर? पुस्तक हरवलं तर भरपाई कोण करणार, तपासणीला यादी जुळली नाही तर उत्तर कोण देणार, ही भीती काही खोटी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि तिथं वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, अगदी गोष्टींचीसुद्धा, असावीत. पण कायद्यानं कपाट येतं, कपाट उघडणारं माणूस येतंच असं नाही. माध्यमिक शाळेत ग्रंथपालाची जागा विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवणं, पोषण आहाराचा हिशेब, सरकारी माहिती भरणं आणि ग्रंथालय, सगळं त्याच दोन माणसांच्या गळ्यात!

याच्या नेमकं उलट चित्र आंदर मावळातल्या एका वाडीवर पाहिलं. चार भिंतींची लहानशी शाळा. कपाट जुनं, त्याची कडी मोडलेली. वर्गात या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधलेली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्यावर पुस्तकं टांगलेली! मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. नेणाऱ्यानं वहीत आपलं नाव आपणच लिहायचं. दर शनिवारी पुस्तक बदलायचं आणि आपल्या पुस्तकात काय झालं ते दोन वाक्यांत सगळ्यांना सांगायचं. बस्स, एवढाच नियम.

चौथीतली एक मुलगी पुस्तक न घेताच आली होती. बाईंनी विचारलं तर म्हणाली, ‘बाई, आजी सोडंना. तिला ती सापाची गोष्ट अजून एकदा ऐकायचीय.’ आजीला अक्षरओळख नाही. नात चुलीपुढे बसून वाचते आणि म्हातारी भाकरी थापता थापता ऐकते. मी म्हटलं, ‘बाई, चुलीपाशी पुस्तक खराब नाही होत?’ त्या हसून म्हणाल्या, ‘होतं की ताई. पीठ लागतं, पान फाटतं. मी चिकटवते. पण या पोरीचं पुढच्या वर्षाचं मला जास्त वाटतं. पाचवीला तिला खालच्या गावात जावं लागेल. पावसात ओढा आडवा आला की चार-चार दिवस शाळा बुडते. घरात पुस्तक असलं तर शाळा बुडेल, वाचन नाही बुडणार.’

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण बुडणारं वाचन ही काही एका वाडीची गोष्ट नाही. २०२२ सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभरातल्या साधारण ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला. उरलेली मुलं पुढच्या वर्गात जातात, पुस्तकं मात्र त्यांच्यापासून लांब जातात. मग एखाद्या वर्षी ‘हिला काही येत नाही’ असं कुणीतरी म्हणतं आणि मुलगी घरी बसते.

बाहेरच्या देशांत काय करतात, तेही पाहिलं. वाटलं होतं, तिथं पैशाचा सुकाळ, आपल्याला त्याचा काय उपयोग! पण सगळ्यांत चांगल्या युक्त्या गरिबीतूनच निघालेल्या दिसल्या. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ पासून १९४३ पर्यंत, केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात बायका घोड्यांवर, खेचरांवर बसून पुस्तकं पोचवत. पुस्तकं कमी पडत, म्हणून जुन्या मासिकांतली चित्रं, गोष्टी, पाककृती, गोधड्यांचे नमुने कापून चिकटवून त्यांनी वह्याच तयार केल्या आणि त्या घरोघर फिरवल्या! आपल्या माळ्यावरच्या जुन्या दिवाळी अंकांची आठवण झाली की नाही?

कोलंबियात लुईस सोरियानो नावाच्या शिक्षकानं दोन गाढवांच्या पाठीवर पुस्तकं लादून खेड्यातल्या मुलांपर्यंत नेली. आल्फा आणि बेतो ही त्या गाढवांची नावं. जपानमध्ये १९८८ साली एका मुलींच्या शाळेतून सकाळच्या वाचनाची प्रथा सुरू झाली. शाळा भरली की पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आवडेल ते वाचायचं आणि नुसतं वाचायचं. प्रश्न नाहीत, निबंध नाही. शिक्षकांनीही वाचायचं! पुढे ही प्रथा जपानभर हजारो शाळांत गेली. शालेय ग्रंथपालांची एक जागतिक संघटना आहे, ती ऑक्टोबर महिना शालेय ग्रंथालयांचा म्हणून पाळते. त्या महिन्यात मुलं हातानं खुणेच्या पट्ट्या रंगवतात आणि दुसऱ्या देशातल्या शाळेला पाठवतात. आपल्याकडेही १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन होतो. पण एका दिवसाच्या भाषणापेक्षा रोजची दहा मिनिटं मोलाची.

आणि आपल्याच देशातले डॉ. रंगनाथन! त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. युरोपात एके काळी ग्रंथांना साखळदंड घालून ठेवत. आपण साखळी काढली आणि कुलूप घातलं, एवढाच काय तो फरक!

लोणावळ्याच्या पावसानं मला आणखी एक गोष्ट पटवून दिली. इथं वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. अशा हवेत बंद कपाटातल्या पुस्तकांना हटकून बुरशी येते. जे पुस्तक हातोहात फिरतं, चाळलं जातं, त्याला आपोआप वारा लागतो. म्हणजे पुस्तक जपायचं असेल तरी ते वाचणंच बरं! तरीही पावसाळी गावातल्या मैत्रिणींसाठी चार सूचना देते. कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं दाटीनं कोंबू नका. उघडीप मिळाली की पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर उभी उघडून ठेवा. कडक उन्हात पानं पिवळी पडतात. बुरशी आलीच तर पुस्तक आधी पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ कापडानं पुसा. फळीवर पूर्ण वाळवलेली कडुनिंबाची पानं ठेवा. ओली ठेवलीत तर उलट दमटपणा वाढेल.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही घरात बसून शाळेचं काय करणार? पुष्कळ करता येतं. पालकसभेला आपण जातो आणि गुणांबद्दल विचारून येतो. या वेळी एवढंच विचारा, ‘माझ्या मुलानं गेल्या महिन्यात शाळेतून कोणतं पुस्तक घरी आणलं?’ उत्तर मिळालं नाही तर भांडू नका. ‘आठवड्यातून एक तास आम्ही चौघीजणी येऊ, पुस्तकं देऊ-घेऊ, वही लिहू, फाटलेली चिकटवू’ असं मुख्याध्यापकांना सांगून पाहा. शिक्षकांच्या डोक्यावरचा भार उतरला तर कुलूपही सैल होईल. वर्षाला दोन-चार पुस्तकं हरवतील हे दोन्ही बाजूंनी आधीच धरून चाला. आपल्या घरी कपबश्या फुटत नाहीत का? म्हणून आपण चहा बंद करत नाही!

घरातही फार खर्च नको. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. मुलाच्या हातात मोबाईल द्यायचाच असेल तर कधी त्यासाठीही द्या. रात्री जेवणं आवरली की दहा मिनिटं सगळ्यांनी वाचायचं, अगदी घरच्या पुरुषमंडळींनीसुद्धा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आजीला वाचून दाखवायचं काम मुलीकडे द्या. मग पुस्तक वेळेवर परत गेलं नाही, तर समजा की घरात एक वाचक वाढला!

लोणावळ्याला जाल तेव्हा चिक्की आणाच. फक्त जाताना पिशवी रिकामी नेऊ नका. आपल्या मुलांची वाचून झालेली, धड अवस्थेतली पाच-सहा पुस्तकं तिच्यात टाका आणि वाटेवरच्या एखाद्या वाडीच्या शाळेत, तिथल्या बाईंना विचारून, देऊन या. आणि देताना एवढं आवर्जून सांगा, ‘बाई, ही कपाटात ठेवू नका. मुलांबरोबर घरी जाऊ द्या.’