सरासरीच्या आड

इंदिरापुरम, गाझियाबाद. रात्री उशिरा.

आज दिवसभर टर्मिनलवर ‘अपाचे बेंच’ चालवत होतो, म्हणजे सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करून तो किती वेळात उत्तर देतो ते मोजणारं हत्यार. आज्ञा दोनच अक्षरांची, ‘एबी’. एकूण विनंत्या किती आणि एका वेळी किती, एवढं सांगायचं. १००० आणि ५० म्हटलं की ती कामाला लागते आणि शेवटी आकड्यांचा तक्ता टाकून मोकळी होते. साहेब लोक सरासरी बघून खूश. मी हल्ली थेट तळाशी जातो, ९५ आणि ९९ टक्क्यांच्या ओळींकडे. सरासरी छान असली तरी शंभरात एखादा चार सेकंद ताटकळत असेल, तर तक्रार तोच करणार.

पण हे हत्यार फार भिडस्त. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती पाठवत नाही. सर्व्हर मंदावला की तेही मंदावतं. माणसं कुठे एवढी समजूतदार असतात? सकाळी १० वाजता रेल्वेचं एसी तत्काळ आरक्षण उघडलं, की दिवाळीला भुसावळ-पुण्याकडे निघालेले इथले आम्ही सगळे एकदम तुटून पडतो. पान हललं नाही तर पुन्हा रिफ्रेश. (आमच्या घरी दोन-दोन फोनवरून!)

म्हणून मला गिल टेने यांचं ‘डब्ल्यूआरके२’ हे याच कामाचं दुसरं हत्यार जास्त प्रामाणिक वाटतं. समोरचा दमला तरी ते ठरल्या वेगानेच विनंत्या धाडायला बघतं, आणि विनंती निघायला हवी होती त्या क्षणापासून उशीर मोजतं.

उद्या तेच लावायचं, मात्र दुसऱ्या मशीनवरून. सर्व्हर आणि मारा करणारा एकाच लॅपटॉपवर असले की दोघे एकाच प्रोसेसरसाठी भांडतात.