न मोडलेला रुपया

माझ्या वडिलांच्या रुपयाला आज बाजारात कोथिंबिरीची काडीदेखील कोणी देणार नाही. तो निजामाच्या राज्यातला हाली रुपया आहे. चांदीचा, वजनाला तोळ्याहून किंचित कमी. एका अंगाला चारमिनार, त्याच्या मधल्या कमानीत उस्मान अलींच्या नावाचे पहिले अक्षर ‘ऐन’. दुसऱ्या अंगाला फारसी मजकूर. अण्णा उर्दूत शिकलेले. ते तो घडाघडा वाचीत आणि आम्ही भावंडे तोंडाकडे पाहत राहत असू.

हाली नाणे कलदारापुढे नेहमीच पडते घेई. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार पदरात पडत. पण आमच्या धारूरला अशा बदलत्या भावांचे फारसे कौतुक नाही. १५६७ मध्ये विजापूरकरांच्या किश्वरखानाने इथे किल्ला बांधला. पुढे निजामशाही आली, मोगल आले. मोगलांनी गावाचे नाव फतेहाबाद ठेवले. लोक धारूरच म्हणत राहिले.

हा रुपया आजीचा. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे पाटीत भरून ती बाजारात बसे. अण्णा शिकायला मोमिनाबादेला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला निघाले, तेव्हा तिने तो त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून वर टाका घातला. म्हणाली, “लई अडलं तरच मोड.”

अडले तर पुष्कळदा. अण्णा एका आडत्याकडे धान्य मोजून पोट भरीत. कधी दोन वेळचे एका वेळेवर येई. मग ते छातीवर हात नेऊन रुपया चाचपीत आणि म्हणत, अजून आपल्यापाशी रुपया आहे; म्हणजे अजून तितके अडलेले नाही. असा तो शिक्षण संपेपर्यंत पुरला.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी संपली. पुढे हाली नाणे चलनातून जाऊ लागले, तेव्हा घरातले सगळे रुपये अण्णांनी बदलून आणले. एवढा एक ठेवला. आजी म्हणाली, “आरं, ह्यो आता चालायचा न्हाई.” अण्णा म्हणाले, “माय, हा चालला तेवढा कुठलाच चालला नाही.”

१९८६ मध्ये अण्णा गेले. रान वाटले, भांडी वाटली, वाड्यात मधोमध भिंत उभी राहिली. रुपयाला भिंत घालता येईना. दादा म्हणाला, एक लक्ष्मीपूजन तुझ्याकडे, एक माझ्याकडे. पुढे विहिरीच्या पाळीवरून आम्हां दोघांचे बोलणेच तुटले. वाचकहो, सख्ख्या भावांचा अबोला फार चिवट असतो. शेजारच्या अंगणातले उटणे नाकाला कळते, पण हाक मारवत नाही. तरी दर दिवाळीला, ज्याची पाळी त्याच्या घरी रुपया पोचे. पोरे नेत-आणीत, सोबत फराळाचे ताट असे, निरोप मात्र नसे.

अशी अकरा वर्षे गेली. बाराव्या दिवाळीला दिवेलागणीच्या वेळी दारात दादा उभा. मुठीत रुपया. “पोराचा पाय मुरगळला, म्हणून मीच आलो,” म्हणाला. मी पाट मांडला. हिने चहा टाकला. पूजा दोघांनी मिळून केली. विहिरीचा विषय कोणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पाय मुरगळलेला पोरगा भिंतीवरून उडी टाकून फटाके मागायला आमच्या अंगणात आला!

दादा आता नाही. भिंतीत दार पाडले त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. परवा नातीने रुपया तळहातावर घेऊन विचारले, “आजोबा, आज याचे किती येतील?” तिला म्हटले, सराफ सांगेल तेवढे येतील. ती जरा विचार करून म्हणाली, “मग नको. पुढच्या वर्षी तर तो काकांकडे जायचा आहे ना!”