पावागड, आईबरोबर

शुक्रवार, रात्र

पावागड वडोदऱ्याच्या ईशान्येला साधारण ५० किलोमीटरवर, पंचमहाल जिल्ह्यात हालोलजवळ आहे. उंची समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास. भोवती सपाट शेती असल्यामुळे डोंगर आहे त्यापेक्षा उंच दिसतो. वडोदऱ्यातून वाहणारी विश्वामित्री इथेच उगम पावते.

सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन एका दिवसात जाऊन यायचं, तर गुडघ्यांचा विचार आधी करावा लागतो. पायथ्याला चांपानेर, मध्ये माची, माथ्यावर कालिकामाता. माचीपर्यंत डांबरी रस्ता आहे. माचीहून १९८६ पासून रोपवे चालतो. तो देवळापर्यंत मात्र पोचवत नाही. वरच्या स्थानकापासून आणखी सुमारे २५० पायऱ्या उरतात. कस लागतो तो तिथेच.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचा पट्टा, छत्री. निघायचं सहाला.

शनिवार, रात्री साडेदहा

निघायला पावणेसात. रिक्षा ७०. जरोदच्या पुढे पाऊस. हालोलला गाडी बदलण्यात चाळीस मिनिटं गेली. दोन चहा ३०. माचीच्या बसला रांग. रोपवेला रांग, सव्वा तास. नारळ-चुनरी १५०. श्रावणातला शनिवार टाळायला हवा होता, हे आईने आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

पायऱ्यांवर निम्म्यात आईचा गुडघा अडला. कडेला एक ताकवाली बसली होती, आईच्याच वयाची. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, शेजारी जिरं-मीठ कुटलेली डबी. काही न विचारता तिने स्वतःखालचं पोतं सरकवलं आणि म्हणाली, ‘बा, बेसो ने. माताजी क्यांय जतां नथी.’ स्टीलच्या पेल्यात छास आली, चिमूटभर जास्त मीठ घालून. पायरी सरळ चढायची नाही, एका कडेने दुसऱ्या कडेला तिरकं जायचं आणि दुखरा पाय नेहमी मागून आणायचा, हेही तिनेच उठून करून दाखवलं. तिच्या गुजरातीला आई बडोद्याच्या मराठीतून उत्तरं देत होती; दोघींचं कुठेच अडलं नाही. पुढच्या पायऱ्या तशाच तिरक्या चढल्या. वेळ दुप्पट लागला, गुडघा टिकला. ताकाचे पैसे तिने एकाच पेल्याचे घेतले.

गाभाऱ्यात मध्यभागी कालिकेचा शेंदरी मुखवटा आहे. रांगेत दीड तास, दर्शन काही क्षणांचं. देवळाला पूर्वी शिखर नव्हतं. त्या जागी सदनशाह पीराचा दर्गा होता. तो परस्परसंमतीने शेजारी हलवला गेला आणि जून २०२२ मध्ये नव्या शिखरावर ध्वज चढला.

डोंगरावर खीची चौहानांची सत्ता होती. महमूद बेगड्याने सुमारे वीस महिने वेढा घालून १४८४ मध्ये गड घेतला. गरब्यात गायला जाणारा पतई रावळ याच राजघराण्यातला. नवरात्रात नाचणाऱ्या देवीचा त्याने हात धरला आणि तिच्या शापाने राज्य गेलं, अशी कथा आहे. आईने ती रांगेत अथपासून इतिपर्यंत सांगितली. मागच्या मुलीही ऐकत होत्या.

दशम्या दुधिया तलावाच्या काठी खाल्ल्या. उतरताना पुन्हा रोपवेची रांग.

चांपानेरला पोचेपर्यंत चार वाजले. बेगड्याने इथे मुहम्मदाबाद नावाची राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनने ती जिंकली, पुढे राजधानी अहमदाबादला परत गेली आणि शहर रानाखाली गेलं. २००४ पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा आहे. जामा मशिदीचे दोन मिनार सुमारे ३० मीटर उंच आहेत. झरोके आणि छतावरची कमळं बघताना देवळं घडवणाऱ्या कारागिरांचा हात लगेच ओळखू येतो. गुजरातच्या बांधकामकलेचा इतका सुंदर नमुना पाहायला बाहेर जेमतेम दहा माणसं होती. वर डोंगरावर पाय ठेवायला जागा नव्हती. आई अष्टकोनी कुंडाच्या काठी बसून राहिली, उठायचं नाव काढेना.

परतीची गाडी उशिरा.

रविवार

गुडघ्याला सूज नाही.

गड अठराव्या शतकात मराठ्यांकडे आला आणि शिंद्यांच्या ताब्यात राहिला. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी घेतला, पुढच्या वर्षी शिंद्यांना परत केला, १८५३ मध्ये पंचमहालाचा कारभार पुन्हा इंग्रजांकडे गेला. वडोदऱ्याच्या मराठी घरांतून पावागडला सर्रास जाणं होतं, पण शिंद्यांचा विषय फारसा निघत नाही. लकुलीशाचं देऊळ, हे डोंगरावरचं फार जुनं बांधकाम, कालच्या गर्दीत राहून गेलं. नगिना आणि केवडा मशिदी, हालोलच्या वाटेवरची गोल फिरत उतरणारी वावही राहिली.

वयस्कर माणूस बरोबर असेल तर क्रम उलटा हवा: सकाळी उन्हाआधी चांपानेर, मग माची, आणि वर जायचं ते आडवारी.