टाकीतले पाणी

ग्वाल्हेरच्या थंडीविषयी तक्रार करणे आम्हा जुन्या लष्करवासीयांना शोभत नाही. परंतु गेल्या जानेवारीत, बाहेर धुके दाटलेले असताना, आमच्या सौभाग्यवतींचे नाक आतून कोरडे पडून खपल्या धरू लागले. घसाही रात्रभर खवखवे. दोष खोलीतल्या हीटरचा होता. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती वाढते, बाष्प मात्र तेवढेच राहते आणि सापेक्ष आर्द्रता घसरते. (आम्ही पडलो मराठीचे, हे ज्ञान शाळेतल्या विज्ञानशिक्षकांकडून उसने घेतलेले!)

चिरंजीवांनी ह्यूमिडिफायर पाठवला. सौभाग्यवती शांत झोपू लागल्या. आम्ही रोज उरलेल्या पाण्यातच नळाचे नवे पाणी ओतत होतो. आठवड्यात पुस्तकांवर पांढरी भुकटी दिसली. ते होते जड पाण्यातले क्षार. यंत्रातून निघते ती वाफ नव्हेच, कंपनांनी उडवलेले तुषार. म्हणजे पाण्यात जे असेल ते हवेत उतरणार.

दहाव्या दिवशी सौभाग्यवतींना खोकला लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न आम्हालाच केला, "मास्तर, यंत्र शेवटचे कधी धुतलेत?"

आम्ही निरुत्तर. घरी येऊन टाकीत बोट फिरवले, तो बुळबुळीत थर! शाळेची टाकी धुतली नाही म्हणून शिपायाला धारेवर धरणारे ते आम्हीच.

पश्चात्तापाच्या भरात पाण्यात जंतुनाशकाचे दोन थेंब टाकावेत असे मनात आले. सुदैवाने आधी डॉक्टरांना विचारले. ते जवळजवळ ओरडलेच. दक्षिण कोरियात या यंत्रांच्या पाण्यात घालायची जंतुनाशके दुकानांतून सर्रास विकली जात. ती श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊन माणसे दगावली, त्यांत गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलेही होती. हे उघडकीस आले २०११ साली. आमचा हात थरथरला.

यंत्र बंद ठेवल्यावर, औषधाने, खोकला आठवड्याभरात ओसरला. आता डिस्टिल्ड वॉटरच वापरतो. रोज सकाळी उरलेले पाणी फेकून टाकी पुसून कोरडी करतो. दर तिसऱ्या दिवशी पांढऱ्या व्हिनेगरने धुऊन स्वच्छ पाण्याने खळखळून घेतो. निलगिरीचे तेलसुद्धा त्यात घालत नाही. आर्द्रतामापकाचा काटा ३० ते ५० टक्क्यांत राहील असे पाहतो. काचेवर पाणी साचू लागले की यंत्र बंद, नाहीतर भिंतींना बुरशी धरायची.

सौभाग्यवती मात्र रात्री बटण दाबण्यापूर्वी टाकीत एकदा बोट फिरवून पाहतात.