फर्मवेअर निदान वाटू तरी द्या

धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा या भागात आठ-दहा वर्षांचे लॅपटॉप अजून कामाला जुंपलेले असतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा यंत्रांना लिनक्स हाच परवडणारा मार्ग, असं मी विचारेल त्याला सांगत आलो आहे. प्रोसेसर, डिस्क, पडदा यांच्या बाबतीत ते सहसा खरं ठरतं. घोडं पेंड खातं ते वाय-फायपाशी, आणि खापर फुटतं लिनक्सवर. माझा अनुभव असा, की दोष अनेकदा तांत्रिक नसतो, परवान्याचा असतो.

वाय-फाय कार्ड म्हणजे स्वतःचा प्रोसेसर असलेला छोटा संगणकच. पुष्कळ कार्डांत त्याचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, कायम साठवलेला नसतो. दर वेळी यंत्र सुरू झालं की ड्रायव्हर तो डिस्कवरून कार्डात भरतो. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांची कहाणी इथे बोलकी आहे. कंपनीने खुला ड्रायव्हर दिला नाही, माहितीही दिली नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले: एकाने बंद ड्रायव्हरचा अभ्यास करून चिपचं वर्णन लिहिलं, दुसऱ्याने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. तो 2006 मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आला. 2008 मध्ये त्याची जागा बी43 या ड्रायव्हरने घेतली. पण फर्मवेअर वाटण्याची परवानगी मिळालीच नाही. म्हणून बीसीएम4312 चिपच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर हजर असतो आणि लॉगमध्ये ‘बी43/यूकोड15.एफडब्ल्यू’ फाइल सापडत नसल्याची तक्रार येते. डेबियन या लिनक्स वितरणाचं त्यासाठीचं पॅकेज ती फाइल इंटरनेटवरून उतरवतं. इंटरनेटसाठी फाइल हवी आणि फाइलसाठी इंटरनेट!

मोबाइल यूएसबीने जोडला की भागतं, असं कुणी म्हणेल. एका यंत्रापुरतं भागतंही. पण अडलंय कुठे हे आधी कळावं लागतं, आणि शाळेच्या संगणक कक्षात हा उद्योग प्रत्येक यंत्रावर करावा लागतो.

कंपन्यांच्या बाजूचा वजनदार मुद्दा रेडिओ नियमांचा. लहरींची शक्ती आणि वारंवारता कायद्याने ठरते; फर्मवेअर खुलं केलं तर कुणीही मर्यादा ओलांडेल. ही काळजी खोटी नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने काही राउटर ठरल्यापेक्षा जास्त शक्तीने चालू शकत असल्याबद्दल टीपी-लिंककडून दोन लाख डॉलर घेतले. मात्र त्याच तडजोडीत बाहेरचं खुलं फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करण्याचं कंपनीने कबूल केलं. नियम पाळणं आणि दार बंद ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नियामकानेच मान्य केलं म्हणायचं. शिवाय आहे तीच फाइल, एक अक्षर न बदलता, वाटू दिली तर कोणता रेडिओ नियम मोडतो? व्यापारी गुपित फुटेल, या दुसऱ्या सबबीचंही तसंच. 2010 मध्ये ब्रॉडकॉमनेच काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला आणि वाटता येईल असं फर्मवेअरही. 4312 मात्र त्यात नव्हती.

उलट बाजूने मुक्त सॉफ्टवेअरचे कट्टर पुरस्कर्ते म्हणतात, वाटायला मोकळी असली तरी बंद फाइल ती बंदच. त्यातली सुरक्षेची चूक कंपनीशिवाय कुणी दुरुस्त करू शकत नाही. हे मला मान्य आहे. अथेरॉसच्या काही यूएसबी चिपांचं फर्मवेअर 2013 मध्ये स्रोतासह खुलं झालं, म्हणजे ते अशक्यही नाही. पण तोवर अडून बसण्याची किंमत जुन्या लॅपटॉपवाल्याने मोजावी, हे पटत नाही. म्हणूनच डेबियनने 2022 मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून ते अमलात आणलं, हे मला योग्य वाटतं. तरी ज्याची परवानगी आहे तेवढंच त्यात येतं.

म्हणून आग्रह धरायचा तो खरेदीच्या वेळी. जिल्हा परिषद, महाविद्यालयं आणि कार्यालयांनी निविदेत दोनच अटी घालाव्यात: ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये असावा आणि फर्मवेअर मुक्तपणे वाटता येणारं असावं. घरासाठी वाय-फाय डोंगल घेणाऱ्यानेही खोक्यावरचं नाव पाहून थांबू नये, आत चिप कोणती ते विचारावं. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत वेगळ्या कंपनीची चिप असू शकते.