कशाचे वीस टक्के?

गृहपाठात अडलेलं मूल बहुतेक वेळा एवढंच म्हणतं, “हे गणित येत नाही.” ही तक्रार झाली, प्रश्न नव्हे. समजा, शंभर रुपयांच्या संत्र्यांचा भाव आधी २० टक्क्यांनी चढला आणि मग २० टक्क्यांनी उतरला. मूल उत्तर काढतं १००, पुस्तकात मागे दिलेलं असतं ९६. तेच मूल जर म्हणालं, “चढल्यावर १२० झाले, इथवर बरोबर आहे, पण उतरलेले २० टक्के कशाचे धरायचे, १०० चे की १२० चे?” तर गणित जवळजवळ सुटलंच. म्हणून मला वाटतं, उत्तर काढायला शिकवतो तितकंच मन लावून आपण कुठे अडलो यावर बोट ठेवायलाही शिकवलं पाहिजे.

पांढुर्णा-सौंसर भागात तर याची गरज दुप्पट आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचं नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरात मराठी आणि पुस्तकात हिंदी हे बऱ्याच मुलांच्या वाट्याचं वास्तव तसंच आहे. घरचा अपूर्णांक शाळेत ‘भिन्न’ होतो, आणि मराठी कानाला भिन्न म्हणजे नुसतं वेगळं. काटकोनाचा ‘समकोण’ होतो, लसाविचा ‘लघुत्तम समापवर्त्य’. अशा वेळी मूल शब्दाला अडलं की हिशोबाला, हे “येत नाही” या दोन शब्दांतून कुणालाच कळत नाही. ते नेमक्या प्रश्नातूनच उलगडतं, आणि तो प्रश्न मराठीत आला म्हणून काही बिघडत नाही.

कुणी म्हणेल, अडलं कुठे हे ज्याला कळतं त्याला उत्तरही कळेल. तसं नसतं, वाट ठाऊक नसली तरी पाय कुठे रुतला हे चालणाऱ्याला कळतं. भरल्या वर्गात गुरुजींना वेळ कुठला, असंही विचारलं जाईल. पण मोघम तक्रारीपायी अख्खं गणित पुन्हा फळ्यावर सोडवावं लागतं. नेमक्या प्रश्नाला एक वाक्य पुरतं. खरा अडसर हसं होण्याच्या भीतीचा आहे, आणि तो मोठ्यांनीच दूर करायचा आहे. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात नियमांच्या जोडीने प्रश्न घातले, तेही मायेने हाक मारून. त्या मायेत विचारायचं धाडस वाढतं.

हे धाडस शाळेपुरतं नसतं. संत्र्यांचा आंबिया बहार झाडावरच विकताना, कर्जाच्या कागदावर सही करताना तोच प्रश्न पुन्हा समोर येतो: टक्के कशाचे? व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर? तो विचारायची सवय वहीतच लागते. म्हणून चुकलेलं १०० मुलाला खोडू देऊ नये. त्याच्याशेजारी प्रश्न लिहू द्यावा; अडलेली जागा तिथेच दिसते.